तेल खरोखर गरजेचे आहे का? अत्यावश्यक मेदाम्लांची ओळख

तेलाविषयी सध्या दोन टोकांची मते ऐकू येतात. एक मत असे की, तेल हे सगळ्या रोगांचे मूळ आहे, ते पूर्ण बंद करा. दुसरे मत असे की, शरीराला ओमेगा-३ मिळालेच पाहिजे, त्यासाठी महागड्या गोळ्या घ्या. पहिले मत ऐकून एखादी सून बाळंतपणातही बिनतेलाचे जेवते. दुसरे मत ऐकून एखादा कमावता माणूस मुलांच्या दुधाच्या पैशातून गोळ्यांची बाटली आणतो. दोन्हींत नुकसान घराचेच होते.

म्हणून या पाठात एकच प्रश्न तपासू. तेलातुपातील काही घटकांना शास्त्रज्ञ 'अत्यावश्यक' म्हणतात, ते खरोखर तसे आहेत का? आणि असतील तर किती लागतात आणि आपल्या ताटात ते कुठून येतात? कोणी मोठ्या माणसाने सांगितले म्हणून नव्हे, तर पुरावा काय आहे ते पाहून ठरवू.

मेदाम्ल म्हणजे काय?

तेल, तूप, चरबी हे सगळे मुख्यतः मेदाम्लांचे बनलेले असतात. मेदाम्ल म्हणजे कार्बनच्या अणूंची एक लांब साखळी. या साखळीत काही ठिकाणी दोन अणू दुहेरी बंधाने जोडलेले असतात. दुहेरी बंध किती आणि कुठे आहेत, यावर त्या मेदाम्लाचा गुणधर्म ठरतो.

आपले शरीर भाकरी-भातातील पिठूळ पदार्थापासून बरीचशी मेदाम्ले स्वतः तयार करू शकते. म्हणूनच फार तेल न खाणाऱ्या माणसाच्या अंगावरही चरबी चढते. पण साखळीच्या शेपटाकडच्या टोकाजवळ दुहेरी बंध घालण्याची कला आपल्या शरीराला अवगत नाही. ती वनस्पतींना आहे. त्यामुळे असे बंध असलेली दोन मेदाम्ले आपल्याला आयतीच अन्नातून घ्यावी लागतात.

पहिले लिनोलिक आम्ल. हे ओमेगा-६ गटातले. दुसरे अल्फा-लिनोलेनिक आम्ल. हे ओमेगा-३ गटातले. नावे सारखी वाटतात म्हणून पुढे आपण त्यांना ओमेगा-६ आणि ओमेगा-३ असेच म्हणू.

उंदरांपासून सुरुवात

शंभर वर्षांपूर्वी समजूत अशी होती की, चरबी म्हणजे फक्त इंधन. उष्मांक पिठातून मिळाले तर चरबीची गरज नाही. ही समजूत मोडली ती १९२९ साली. अमेरिकेच्या मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज बर आणि त्यांच्या पत्नी मिल्ड्रेड बर यांनी उंदरांना पूर्ण बिनचरबीचे अन्न दिले. त्यात दुधातले शुद्ध प्रथिन, साखर, क्षार आणि त्या वेळी माहीत असलेली जीवनसत्त्वे होती. चरबी मात्र नव्हती.

काही महिन्यांत उंदरांची वाढ थांबली. शेपटी खवल्यांनी भरली, केस गळाले, मूत्रपिंडे बिघडून लघवीतून रक्त जाऊ लागले. माद्यांना पिले होण्यात अडचण आली. उंदीर पाणी खूप पीत, तरी कातडीतून ते उडून जाई. अन्नात थोडी चरबी घालताच उंदीर सुधारू लागले. पुढच्याच वर्षी, १९३० साली, बर दांपत्याने दाखवून दिले की गुण येतो तो लिनोलिक आम्लामुळे. 'अत्यावश्यक मेदाम्ले' हा शब्द तेव्हापासून रूढ झाला.

शंका घेणाऱ्यांचे म्हणणे

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, ही शंका रास्त आहे. शंका घेणारे मुख्यतः दोन गोष्टी पुढे करतात. त्या नीट ऐकून घेऊ.

पहिली गोष्ट एका माणसाची. बर यांच्याच प्रयोगशाळेतील विल्यम ब्राउन या संशोधकाने सहा महिने जवळजवळ बिनचरबीचे अन्न खाल्ले. त्याचा अहवाल १९३८ साली प्रसिद्ध झाला. ब्राउन यांच्या कातडीला काही झाले नाही. उलट त्यांची जुनी अर्धशिशी थांबली आणि थकवा कमी झाला. मग मेदाम्ले अत्यावश्यक कशी?

दुसरी गोष्ट जीवनसत्त्वांची. १९२९ साली ब-गटातील सगळी जीवनसत्त्वे माहीत नव्हती. ब-६ तर १९३४ साली ओळखले गेले आणि त्याच्या अभावानेही उंदरांची कातडी खवलेदार होते. मग बर यांच्या उंदरांचा आजार चरबीच्या अभावाचा नसून जीवनसत्त्वाच्या अभावाचा कशावरून नसेल?

पहिल्या शंकेचे उत्तर साध्या हिशेबात आहे. मोठ्या माणसाच्या अंगात चरबीचा साठा असतो. समजा, दहा किलो चरबी आहे आणि तिचा दहावा हिस्सा लिनोलिक आम्ल आहे. म्हणजे एक किलो साठा झाला. दिवसाला पाच ग्रॅम खर्च धरला तरी तो दोनशे दिवस पुरेल. ब्राउन यांचा प्रयोग सहा महिन्यांचा, म्हणजे सुमारे १८० दिवसांचा होता. या काळात त्यांचे वजन उतरले, म्हणजे साठा वापरला जात होता. त्यांच्या रक्तातील ओमेगा-६ मेदाम्लेही कमी झाली होती. डब्यात धान्य आहे तोवर चूल पेटते. त्यावरून धान्य लागतच नाही असे म्हणता येत नाही.

मग ज्याच्या डब्यात साठाच नाही त्याचे काय?

बाळांनी दिलेले उत्तर

तान्ह्या बाळाच्या अंगात साठा अगदी कमी आणि वाढीचा वेग मोठा. अमेरिकेतील डॉक्टर अरिल्ड हॅन्सन यांनी १९६३ साली ४२८ बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या बाळांना वेगवेगळ्या प्रकारचे दूध दिले गेले होते. ज्यांना साय काढलेले, चरबी नसलेले दूध मिळाले, त्यांची कातडी कोरडी पडली, जाड होऊन पापुद्रे सुटू लागले आणि सांध्यांच्या घड्यांत ती ओलसर लाल झाली. तेवढ्याच वाढीसाठी त्यांना जास्त उष्मांक लागत होते. दुधात लिनोलिक आम्ल घातल्यावर ही लक्षणे गेली. एकूण उष्मांकांच्या सुमारे एक टक्का एवढे ते पुरेसे ठरले. असा प्रयोग करायला आज परवानगी मिळणार नाही. पण त्यातून जे कळले ते विसरून चालणार नाही.

दुसरा पुरावा रुग्णालयांतून आला. ज्या रुग्णांचे आतडे काम करत नाही, त्यांना शिरेतून अन्न देतात. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत असे अन्न बहुधा बिनचरबीचे असे. त्यात साखर, प्रथिनांचे घटक, क्षार आणि जीवनसत्त्वे असत. काही आठवड्यांतच रुग्णांच्या अंगावर खवलेदार पुरळ उठे, केस गळत, जखमा भरत नसत. इतक्या लवकर का? कारण शिरेतून अखंड साखर जात असताना रक्तात इन्सुलिन चढलेले राहते आणि ते अंगातील चरबीचा साठा बाहेर पडू देत नाही. डबा भरलेला, पण कुलूपबंद.

इथेच दुसऱ्या शंकेचेही उत्तर मिळते. या रुग्णांना जीवनसत्त्वे मिळत होती, तरी आजार झाला. लिनोलिक आम्ल असलेली चरबी दिल्यावर तो बरा झाला. १९७५ साली तर असे दाखवले गेले की, अशा रुग्णांच्या कातडीवर नुसते सूर्यफुलाचे तेल चोळले तरी कातडी सुधारते. म्हणजे कमतरता जीवनसत्त्वाची नव्हती, तेलातल्या या घटकाचीच होती.

ही मेदाम्ले शरीरात करतात काय?

कातडीच्या वरच्या थरात पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात. त्यांच्या मधल्या सिमेंटमध्ये लिनोलिक आम्ल लागते. ते नसेल तर अंगातले पाणी बाहेर झिरपते आणि बाहेरचे जंतू आत शिरतात. बर यांचे उंदीर एवढे पाणी का पीत होते, ते यावरून उमगते.

शिवाय लिनोलिक आम्लापासून शरीर पुढे प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये बनवते. सूज, ताप, रक्त गोठणे, बाळंतपणाच्या कळा या सगळ्यांत त्यांचा हात असतो. या द्रव्यांवरील संशोधनासाठी १९८२ साली बर्गस्ट्रॉम, सॅम्युएल्सन आणि व्हेन यांना नोबेल पुरस्कार मिळाला.

ओमेगा-३ चे काम मेंदू आणि डोळ्याचा पडदा यांत आहे. १९८२ सालीच एक घटना नोंदवली गेली. पोटात गोळी लागलेल्या सहा वर्षांच्या एका मुलीला शिरेतून अन्न दिले जात होते. त्यात करडईचे तेल होते. त्यात ओमेगा-६ भरपूर, पण ओमेगा-३ जवळजवळ नाही. काही महिन्यांनी तिला मुंग्या येऊ लागल्या, पाय दुखू लागले, चालता येईना, नजर अंधूक झाली. डॉक्टरांनी करडईऐवजी सोयाबीनचे तेल दिले. सोयाबीनमध्ये ओमेगा-३ असते. तिची लक्षणे गेली. एका मुलीवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे खरे. पण १९८४ साली माकडांवरील प्रयोगातही असेच दिसले. फक्त करडईच्या तेलावर वाढलेल्या माकडांच्या पिलांची नजर कमी पडली.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर असे: होय, ही दोन्ही मेदाम्ले माणसाला खरोखर लागतात. पण 'लागतात' आणि 'भरपूर लागतात' यांत फरक आहे.

किती लागतात?

अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांनी मोठ्या माणसासाठी किमान प्रमाण सांगितले आहे. एकूण उष्मांकांपैकी अडीच टक्के ओमेगा-६ मधून आणि अर्धा टक्का ओमेगा-३ मधून. दिवसाला २००० उष्मांक खाणाऱ्यासाठी हिशेब करू. एक ग्रॅम चरबीतून नऊ उष्मांक मिळतात. म्हणजे ओमेगा-६ सुमारे साडेपाच ग्रॅम आणि ओमेगा-३ सुमारे सव्वा ग्रॅमच्या आत. चहाच्या चमच्याने मोजले तर दीड चमच्याच्याही आत काम भागते.

आपल्या ताटात कुठून येतात?

वीस ग्रॅम तेल, म्हणजे चहाचे साधारण चार-साडेचार चमचे घेतले, तर त्यातून ओमेगा-६ अंदाजे असे मिळते:

- करडईचे तेल: १५ ग्रॅम
- सूर्यफुलाचे तेल: १२ ग्रॅम
- सोयाबीनचे किंवा सरकीचे तेल: १० ग्रॅम
- शेंगदाण्याचे तेल: ५ ते ६ ग्रॅम
- पाम तेल: २ ग्रॅम
- खोबरेल किंवा साजूक तूप: अर्धा ग्रॅम किंवा त्याहून कमी

वनस्पती तूप बनवताना तेलावर जी प्रक्रिया करतात, तिच्यात हे दुहेरी बंधच मोडले जातात. म्हणून ते या कामाचे नाही.

तेलाशिवायही धान्य-डाळींत न दिसणारी चरबी असते. तीनशे ग्रॅम बाजरीच्या पिठातून सुमारे पाच ग्रॅम ओमेगा-६ मिळते. ज्वारीत ते बरेच कमी, पण शून्य नाही. मूठभर शेंगदाण्यांतून तीन-चार ग्रॅम मिळते. आपल्या भाजीत शेंगदाण्याचा कूट पडतो, तो काही उगीच नाही.

२०२२ च्या दिवाळीत रेशनवर 'आनंदाचा शिधा' मिळाला, त्यात एक लिटर पाम तेल होते. पाम तेल वापरणाऱ्या घराने घाबरण्याचे कारण नाही. वीस ग्रॅम पाम तेलातून दोन, दोन ज्वारीच्या भाकरींतून साधारण एक आणि चार चमचे कुटातून सुमारे दोन ग्रॅम ओमेगा-६ मिळते. बेरीज पाचच्या घरात जाते. डाळ-भाजीचे थोडे धरले की किमान गरज भागते.

अडचण असते ती ओमेगा-३ ची. करडई, सूर्यफूल, शेंगदाणा, पाम, या कशातच ते पुरेसे नाही. सोयाबीनच्या वीस ग्रॅम तेलात ते सव्वा ग्रॅमच्या आसपास असते. मोहरीच्या तेलातही चांगले असते. पण सगळ्यांत स्वस्त आणि आपल्या ओळखीचा साठा म्हणजे जवस. विदर्भ-मराठवाड्यातील आजीच्या हातची जवसाची चटणी आठवा. पाच ग्रॅम जवसात, म्हणजे दोन लहान चमचे कुटलेल्या जवसात, एक ग्रॅमहून थोडे जास्त ओमेगा-३ असते. एका माणसाची दिवसाची गरज तेवढ्यात जवळपास भागते.

जवस भाजून, कुटूनच खावे. अख्खे दाणे तसेच बाहेर पडतात. चटणी आठवड्यापुरतीच करावी आणि झाकणाच्या डब्यात ठेवावी, नाही तर खवट होते.

मासळी खाणाऱ्या घरांत तारली आणि बांगडा ही तेलकट मासळी उत्तम. मेंदूला आणि डोळ्याला जे तयार ओमेगा-३ लागते, ते तिच्यात थेट मिळते. जवसातल्या ओमेगा-३ चे तसे रूपांतर शरीर करते, पण थोडेच. म्हणून गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या मातेला आठवड्यातून एक-दोनदा मासळी मिळाली तर चांगलेच. घोळाच्या भाजीतही थोडे ओमेगा-३ असते.

गोळ्या घ्याव्यात का?

निरोगी माणसाने हृदयविकार टळावा म्हणून ओमेगा-३ च्या गोळ्या घ्याव्यात का, हे अमेरिकेत २५,००० हून अधिक लोकांवर तपासले गेले. निष्कर्ष २०१८ साली आला. हृदयविकार, पक्षाघात आणि त्यांतून होणारे मृत्यू यांची एकत्र संख्या गोळ्यांनी लक्षणीय कमी झाली नाही. डॉक्टरांनी एखाद्या आजारासाठी लिहून दिल्या तर गोष्ट वेगळी. जाहिरात पाहून घेण्यापेक्षा ते पैसे जवस, शेंगदाणे, अंडी आणि मासळीवर खर्च करावेत.

कोणाला जपायचे?

तान्ही बाळे. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध. त्यातले जवळजवळ अर्धे उष्मांक चरबीतून येतात आणि त्यात ही मेदाम्ले असतात. पाणी घालून पातळ केलेले दूध, चहा-बिस्किट किंवा भाताची पेज यांवर बाळ वाढवू नये. सहा महिन्यांनंतर वरण-भात, खिचडी किंवा कुस्करलेल्या भाकरीत एक लहान चमचा तेल घालावे. दोन वर्षांखालील मुलाचे तेल-तूप कधीही तोडू नये आणि त्याला साय काढलेले दूध देऊ नये.

कमी दिवसांची बाळे. ढाक्याच्या शिशु रुग्णालयात अशा बाळांच्या अंगाला सूर्यफुलाचे तेल हलक्या हाताने लावले, तेव्हा त्यांना होणारे जंतुसंसर्ग कमी झाले. हा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. पण अशा नाजूक बाळाला काय लावायचे, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

दीर्घ आजारी माणसे. महिनोन्‌महिने जुलाब, यकृताचा किंवा आतड्याचा आजार असेल तर खाल्लेली चरबी अंगी लागत नाही.

हृदयरोगी आणि मधुमेही. यांनी तेल कमी करायचे असते, शून्य नव्हे. किती ते डॉक्टर सांगतील.

एक सावधगिरी मात्र हवी. मुलाची कातडी कोरडी, खवलेदार दिसली की लगेच 'तेल कमी पडले' असे ठरवू नये. खरूज, गजकर्ण, इसब, जस्ताचा किंवा अ-जीवनसत्त्वाचा अभाव, अशी अनेक कारणे असतात. मुलाला प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. अंगणवाडीत दर महिन्याला वजन करून घ्यावे. वजन वाढत नसेल तर तो पहिला इशारा समजावा.

मग डब्यात किती तेल?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने बैठे काम करणाऱ्या स्त्रीसाठी दिवसाला सुमारे २० ग्रॅम, पुरुषासाठी २५ ग्रॅम आणि गरोदर व स्तनदा मातेसाठी ३० ग्रॅम दिसणारी चरबी सुचवली होती. हमाली, बांधकाम अशी जड कामे करणाऱ्या पुरुषाला ४० ग्रॅमपर्यंत चालते, कारण त्याला उष्मांकच जास्त लागतात. पाच माणसांच्या घराला महिन्याला साडेतीन ते चार लिटर पुरेसे होते. याहून जास्त लागत असेल तर ते गरजेत नव्हे, तळणात जाते आहे. एकच तेल वर्षभर वापरण्यापेक्षा दोन तेले आलटून पालटून वापरावीत, त्यांत शक्यतो एक सोयाबीन किंवा मोहरीचे असावे. तळून काळे पडलेले तेल पुन्हा पुन्हा तापवू नये.

लक्षात ठेवू

१. ओमेगा-६ आणि ओमेगा-३ ही दोन मेदाम्ले शरीर बनवू शकत नाही. ती अन्नातूनच घ्यावी लागतात.
२. गरज लहान आहे. मोठ्या माणसाच्या नेहमीच्या जेवणात ओमेगा-६ बहुधा मिळून जाते.
३. ओमेगा-३ साठी रोज दोन लहान चमचे जवसाची चटणी किंवा अधूनमधून तेलकट मासळी.
४. बाळ, गरोदर माता आणि पाजणारी आई यांचे तेल तोडू नये.
५. तेल पूर्ण बंदही नको आणि जाहिरातीच्या गोळ्याही नकोत.

महिला मंडळात चर्चेसाठी प्रश्न

१. विल्यम ब्राउन सहा महिने बिनचरबीचे खाऊनही आजारी का पडले नाहीत? बाळे मात्र लवकर का आजारी पडली?
२. आपल्या घरात महिन्याला किती तेल येते? माणशी रोज किती ग्रॅम पडते, ते काढून पाहा. एक लिटर तेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम असते.
३. आपल्या घरच्या कालच्या जेवणात ओमेगा-३ कशातून आले? आले नसेल तर उद्याच्या ताटात काय वाढता येईल?